कोटी डोळ्यांचा हिशेब

तंजावरहून कुंभकोणमच्या दिशेने निघालं, की सुमारे पंचवीस किलोमीटरवर, कावेरीच्या भातखाचरांमध्ये पापनाशम लागतं. तिरुनेलवेलीकडे डोंगराच्या पायथ्याशी याच नावाचं आणखी एक गाव आहे, ते वेगळं. या पापनाशमला डोंगर नाही. आहेत ती देवळं, आणि त्यांतल्या एका देवळात मोजून १०८ शिवलिंगं. खर-दूषणांच्या वधाचं पाप फेडायला रामाने ती स्थापली आणि त्यांतलं एक हनुमानाने काशीहून आणलं, अशी स्थानिक कथा. पाप १०७ लिंगांनी का फिटलं नसतं, हे पुराणं सांगत नाहीत. पण या मुलखात भक्ती करायची ती मोजून, अशी जुनी रीत असावी. तिरुज्ञानसंबंधर, अप्पर आणि सुंदरर या तीन शैव संतांनी ज्या देवळांवर पदं गायली, त्यांचीही यादी आहे, पावणेतीनशेच्या आसपासची. पापनाशमलगतच्या तिरुपालैतुरैचं देऊळ त्या यादीत आहे. त्याच्या आवारात नायक राजांच्या काळातलं विटांचं अवाढव्य धान्यकोठार अजून उभं आहे. देव आणि भात, दोन्ही मोजून ठेवायचे.

या गावाचं नाव लावून जो माणूस दक्षिणेत घरोघर पोचला, तो जन्माने इथला नव्हे, आणि त्याचं नावही ते नव्हे. २६ सप्टेंबर १८९० रोजी तंजावर भागातल्याच पोलगम नावाच्या खेड्यात रामय्या जन्मले. सात वर्षांचे असताना वडील गेले. आई योगांबाळ मुलांना घेऊन त्रावणकोरात गेली, कारण तिथे महाराजांच्या कृपेने गरीब ब्राह्मणांच्या पोरांना जेवण आणि शिक्षण फुकट मिळे. तिरुवनंतपुरमच्या संस्कृत महाविद्यालयात रामय्या व्याकरण शिकले, १९१०मध्ये पदवी मिळाली, आणि त्याच वर्षी आई गेली. मग घर असं उरलंच नाही. थोरले भाऊ राजगोपाल अय्यर पापनाशमला होते, तो एक टेकू. तिथून हा तरुण देवळादेवळांतून गात हिंडू लागला. पापनाशमजवळच्या गणपती अग्रहारममधल्या लोकांनी कपाळभर, अंगभर भस्म फासून गाणारा हा पोरगा पाहिला आणि त्याला ‘शिवन’ म्हणायला लागले. तिरुवनंतपुरमला त्याने ज्यांची भजनं ऐकली, ज्यांना मनोमन गुरू मानलं, त्या संतकवींचं नावही नीलकंठ शिवनच. दोन्ही धागे जुळले आणि रामय्यांचे पापनाशम शिवन झाले. स्वतःच्या गाण्यांत मात्र त्यांनी मुद्रा घातली ती ‘रामदासन’.

या रामदासाने किती गाणी रचली? सिनेमाची गाणी धरून आकडा दोन हजारांच्या पुढे सांगितला जातो. ते जगले ८३ वर्षं आणि वर पाच दिवस, म्हणजे ३०,३२० दिवस. जन्मल्या दिवसापासून धरलं तरी दर पंधरवड्याला एक गाणं पडतं. ज्या वयात माणूस गाणी रचू शकतो तेवढीच वर्षं धरली, तर दहा-अकरा दिवसांना एक. आपल्याला हे डोंगराएवढं वाटेल. संतपरंपरेच्या बाजारात मात्र दोन हजार म्हणजे किरकोळ चिल्लर.

नामदेवांचंच पाहा. शतकोटी अभंग करीन असा त्यांनी पण केला होता, हे वारकऱ्याच्या पोराला ठाऊक असतं. शतकोटी म्हणजे एकावर नऊ शून्यं. नामदेव १२७० ते १३५० असे ऐंशी वर्षं जगले. ऐंशी वर्षांचे सेकंद होतात सुमारे २५२ कोटी. म्हणजे पाळण्यात पडल्यापासून पायरीखाली समाधी घेईपर्यंत, न झोपता, न जेवता, दर अडीच सेकंदांना एक अभंग. परंपरेलाही ही अडचण जाणवली असावी, कारण तीच सांगते की घरातल्या सगळ्यांनी अभंग रचले, जनाबाईनेसुद्धा. घरची पंधरा माणसं धरली तर प्रत्येकाला ३८ सेकंद मिळतात. जरा श्वास घ्यायला सवड. तरीही पण पुरा झाला नाहीच. म्हणून पुढे तुकोबांच्या स्वप्नात येऊन नामदेवांनी उरलेलं काम त्यांच्या गळ्यात घातलं, अशी कथा. तुकोबांच्या गाथ्यात साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. नामदेवांच्या नावावर छापलेले दोन-अडीच हजार.

कर्नाटकात पुरंदरदासांच्या नावावर ४,७५,००० पदं सांगतात. सावकारी सोडून ते हातात तंबोरा घेऊन निघाले, त्यानंतरची चाळीस वर्षं धरली तर रोज बत्तीस-तेहतीस पदं होतात. आज हाती आहेत हजाराच्या आसपास. तमिळनाडूत संबंधरांची पदिगं १६,०००, अप्परांची ४९,००० आणि सुंदररांची ३८,००० असं परंपरा मानते, आणि एका पदिगात साधारण दहा कडवी. तिघांची मिळून एक लाख तीन हजार पदिगं. शिल्लक आहेत आठशेच्या आत. हजारात आठसुद्धा नाहीत. बाकीची कुठे गेली? चिदंबरमच्या देवळातल्या कुलूपबंद खोलीत ताडपत्रं वाळवीने खाल्ली, राजराज चोळाने दार उघडलं तेव्हा वारूळ झालं होतं, असं सांगतात. ही कथा मला फार आवडते. आकडा मोठा, पुरावा थोडा. मग मधल्या फरकाचा हिशेब कुणीतरी द्यायला हवा, आणि वाळवीला काही विचारता येत नाही. आपल्याकडे हेच काम इंद्रायणी करते. पण तिने तुकोबांच्या वह्या परत दिल्या.

पापनाशमपासून फार लांब नाही ते तिरुवैयारू, त्यागराजांचं गाव. त्यांच्या नावावर २४,००० कृती सांगतात. वाल्मीकी रामायणाचे श्लोकही चोवीस हजारच, त्यामुळे हा आकडा मोजून आलेला नसून रामभक्ताला शोभेसा म्हणून आलेला असावा, हे उघड आहे. पण गंमत अशी, की साऱ्या दाव्यांत एवढा एकच माणसाच्या आवाक्यातला आहे. साठ वर्षं रोज एक कृती आणि महिन्याला दोन-तीन जास्त. रोज उंछवृत्तीला निघणाऱ्या, निघाल्यावर गाणाऱ्या माणसाला हे अशक्य नाही. हाती आलेल्या कृती सातशेच्या आसपास.

या आकड्यांना खोटं म्हणून हसण्यात काही हशील नाही. तराजू वेगळा आहे एवढंच. ज्याने शतकोटी म्हटलं, त्याने आपली तहान सांगितली. पाणी किती प्यायलो ते सांगितलं नाही. पण त्यामुळे एक गोष्ट झाकली जाते. दोन हजार हा खरोखर मोजता येणारा आकडाच माणसाच्या मानाने किती राक्षसी आहे, ते आपल्या लक्षात येत नाही.

ते कळायला साता समुद्रापार जावं लागतं. अमेरिकेत फॅनी क्रॉसबी (१८२० ते १९१५) या बाईंनी आठ हजारांहून जास्त ख्रिस्ती भक्तिगीतं लिहिली. तान्ह्या असतानाच त्यांची दृष्टी गेली होती. गीतं मनात रचायची, मग कुणाला तरी सांगून उतरवून घ्यायची. एकाच बाईची इतकी गाणी एका पुस्तकात छापायची प्रकाशकांना लाज वाटू लागली, म्हणून त्यांना जवळजवळ दोनशे टोपणनावं घ्यावी लागली. गाण्यामागे मिळे एखाद-दुसरा डॉलर. त्यांच्याआधी इंग्लंडात चार्ल्स वेस्लींनी साडेसहा हजारांच्या घरात स्तोत्रं रचली होती. इथे वाळवी नाही आणि स्वप्नही नाही. छापखान्याची बिलं आहेत.

आणि हे ख्रिस्ती भक्तिगीत तंजावरलाही होतं, तेही मराठ्यांच्या दरबारात. श्वार्ट्झ नावाच्या जर्मन मिशनऱ्याकडे दोन मुलं शिकली. एक पुढे तंजावरचे सरफोजीराजे झाले (राज्य १७९८ ते १८३२), दुसरे वेदनायगम शास्त्री (१७७४ ते १८६४). तंजावरात रुळलेल्या कुरवंजी नाट्याच्या साच्यात शास्त्रीबुवांनी ‘बेथलेहेम कुरवंजी’ रचली. त्यात भविष्य सांगणारी डोंगरकन्या आहे, पण वर्तवते ते ख्रिस्ताचं. ते हिंदू राजाचे दरबारी कवी, आणि त्यांची गीतं आजही तमिळ चर्चमध्ये कर्नाटक रागांत गायली जातात. आपल्याकडे रेव्हरंड टिळकांनी अभंग-ओवीत ख्रिस्त आणला, त्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

तंजावरवर मराठ्यांचं राज्य १६७६ ते १८५५, एकशे एकोणऐंशी वर्षं होतं. बृहदीश्वराच्या भिंतीवर १८०३ साली कोरलेला भोसल्यांच्या वंशाचा मराठी इतिहास अजून वाचता येतो. जगातल्या मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. पण मराठ्यांनी तिथे दगडापेक्षा जास्त टिकणारं काही सोडलं असेल तर ते कीर्तन. रामदासी मठ होतेच. एकोणिसाव्या शतकात मोरगावकरबुवांचं कीर्तन तंजावरकरांनी ऐकलं आणि कृष्ण भागवतर या तरुणाने त्यातली साकी, दिंडी, ओवी उचलून तमिळ हरिकथा नव्याने उभी केली. आजही तिथल्या भजनात नामदेव-तुकारामांचे अभंग गातात, उच्चार तमिळ आणि ठेका आपला. शिवन वाढले ते या भजनाच्या हवेत. त्यांच्या ‘रामदासन’ या मुद्रेचा सज्जनगडाशी संबंध जोडायचा मोह मराठी माणसाला होईल; मी तो आवरतो. रामय्या नावाच्या माणसाने स्वतःला रामाचा दास म्हणवून घ्यायला समर्थांची परवानगी लागत नाही.

आता गाणी राहू दे, रागांकडे येऊ, कारण आकड्यांची खरी चक्कर तिथे येते. सतराव्या शतकात तंजावरच्याच विजयराघव नायकाच्या पदरी असलेल्या वेंकटमखींनी ‘चतुर्दंडिप्रकाशिका’ लिहिली आणि मेळांचं, म्हणजे रागांच्या मूळ स्वरसंचांचं, गणित मांडलं. सा आणि प अचल. मध्यम दोन. रिषभ-गंधारांच्या जोड्या सहा, धैवत-निषादांच्या सहा. दोन गुणिले सहा गुणिले सहा: बहात्तर. याहून एक जास्त नाही, एक कमी नाही. विष्णु नारायण भातखंडे १९०४मध्ये दक्षिणेत हिंडले, एट्टयपुरमला सुब्बराम दीक्षितांना भेटले, आणि या मांडणीने पुरते भारावून परत आले. पुढे त्यांनी हिंदुस्थानी रागांना मात्र दहाच थाट दिले. बहात्तर खणांचं कपाट पाहून आलेल्या माणसाने दहा खणांचं का केलं, यावर आपल्याकडचे पंडित शंभर वर्षं भांडताहेत.

बहात्तर ही नुसती सुरुवात. एका मेळातले सातही स्वर आरोहात घेता येतात, किंवा षड्ज सोडून एक गाळता येतो, किंवा दोन गाळता येतात. सात घ्यायचा मार्ग एक, सहा घ्यायचे सहा, पाच घ्यायचे पंधरा. एकूण आरोह बावीस. अवरोहही तसेच बावीस. बावीस बावीसे चारशे चौऱ्याऐंशी. त्यातला संपूर्ण-संपूर्ण म्हणजे खुद्द मेळ, तो वगळला की ४८३. गुणिले बहात्तर: ३४,७७६ जन्य राग. एकेक राग अर्धाच तास गायचा म्हटलं तर १७,३८८ तास. म्हणजे अखंड, रात्रंदिवस, जवळजवळ दोन वर्षं. यात वक्र राग नाहीत, परका स्वर घेणारे भाषांग राग नाहीत. ते धरले तर हिशेबाला तळच राहत नाही. उलट, स्वर गाळल्यावर वेगवेगळ्या मेळांतून तोच राग पुन्हा हाती येतो, ती पुनरुक्ती कापली तर आकडा उतरतो. तरी हजारांत राहतोच.

एवढं भांडार समोर असून शिवन काय करतात? तोडी, कल्याणी, कांभोजी, मोहनम, मध्यमावती, कापी, वराळी. ज्यांत आधीच शेकडो कृती आहेत, त्याच वाटा. त्यांनी अनोळखी राग हाताळलेच नाहीत असं नाही. त्यांची पहिली समजली जाणारी कृती तिरुवारूरच्या त्यागराजस्वामींसमोर सुचलेली, ती कुंतलवराळीत आहे. पण बहात्तर मेळांत बहात्तर कृती बांधून दाखवायचा पराक्रम ज्यांना करायचा त्यांनी केला. शिवन यांची गाणी गल्लीतून चालताना म्हणायची होती. मागे वीस माणसं, झांजा, पहाटेची थंडी. तिथे चौतीस हजारांतला तीस हजार चारशे बारावा राग काय कामाचा?

ती गल्ली म्हणजे मद्रासच्या मैलापुरातल्या कपालीश्वराच्या देवळाभोवतीच्या चार माड वीथी. १९२१च्या सुमाराला शिवन मद्रासला आले आणि इथे रमले. मार्गळी महिना म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत. तमिळ माणसाला हा महिना पहाटेचा वाटतो. त्या महिनाभर रोज उजाडण्याआधी देवळाला भजन गात प्रदक्षिणा घालायची, हा शिवन यांचा कित्येक दशकांचा नेम. चाळीसच वर्षं धरू आणि महिन्याचे दिवस एकोणतीस. ११६० पहाटा. नामदेवांच्या शतकोटीपुढे आकडा काहीच नाही. मात्र यातली प्रत्येक पहाट पायांनी चाललेली आहे, हे लक्षात ठेवायचं.

मद्रासला तेव्हा तमिळ गाण्यांची भूक होती. मैफलीत गवई तमिळ, श्रोते तमिळ, आणि गाणं बहुतेक तेलुगू किंवा संस्कृत. चाळीसच्या दशकात तमिळ इसै चळवळीने याविरुद्ध हाकाटी केली, १९४३मध्ये तमिळ इसै संगम निघाला. पण चळवळीच्या ठरावांनी मैफल रंगत नाही, त्याला मैफलीच्या तोलाच्या रचना लागतात. त्या शिवन यांनी आधीच करून ठेवल्या होत्या. डी. के. पट्टम्माळ, एम. एस. सुब्बुलक्ष्मी यांच्या गळ्यातून त्या गावोगाव गेल्या. लोक त्यांना ‘तमिळ त्यागय्या’ म्हणू लागले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या कलाक्षेत्रात त्यांनी शिकवलं. मद्रासच्या संगीत अकादमीने संगीत कलानिधी दिली ती १९७१मध्ये, वयाच्या ऐंशी-एक्क्याऐंशीव्या वर्षी, पद्मभूषण १९७२मध्ये. १ ऑक्टोबर १९७३ला ते गेले. ज्या माणसाच्या रचनांवर त्या सभागृहातल्या कित्येकांच्या मैफली उभ्या होत्या, त्याला तिथल्या सर्वोच्च खुर्चीपर्यंत पोचायला इतकी वर्षं लागली, हा आकडा मला सगळ्यांत चमत्कारिक वाटतो. विस्कळीत कागदांवरची गाणी पुढे मुलगी रुक्मिणी रमणी यांनी स्वरलिपीसह ‘कीर्तनमालै’चे भाग काढून छापली, नाहीतर इथेही वाळवीला काम मिळालं असतं.

घराण्याचा एक धागा जाता जाता. ज्या थोरल्या भावाने पापनाशमला आसरा दिला, त्या राजगोपाल अय्यरांची मुलगी म्हणजे अभिनेत्री व्ही. एन. जानकी, नट आणि मुख्यमंत्री एमजीआर यांच्या पत्नी. नवरा गेल्यावर जानेवारी १९८८मध्ये त्या तमिळनाडूच्या मुख्यमंत्री झाल्या. कारकीर्द चोवीस दिवसांची.

सिनेमाने शिवन यांना अशा ठिकाणी नेलं जिथे भस्म लावलेला माणूस सहसा जात नाही, आणि पहिलं दार मराठी होतं. कोल्हापुरात जन्मलेल्या आणि १९३३मध्ये पुण्याला आलेल्या ‘प्रभात’ने तमिळ ‘सीता कल्याणम’ काढला, तो १९३४मध्ये आला. दिग्दर्शक बाबुराव पेंढारकर. संगीत पापनाशम शिवन. राम झालेले एस. राजम आणि सीता झालेली जयलक्ष्मी हे सख्खे बहीण-भाऊ. जनकाच्या भूमिकेत त्यांचे वडील. आणि रावणाच्या दरबारात खंजिरी वाजवणारं पोर म्हणजे पुढचे वीणावादक एस. बालचंदर. एका घरातून अर्धं रामायण भागवलं. सख्खी भावंडं रामसीता झाल्याचा आज गदारोळ झाला असता. तेव्हा लोक गाणी ऐकत बसले.

पुढे ‘सावित्री’ (१९४१) आला. सावित्री झाली आपली शांता आपटे. तमिळ शिकून तिने स्वतःची गाणी स्वतः म्हटली. नारद झाल्या होत्या एम. एस. सुब्बुलक्ष्मी, त्या भूमिकेच्या पैशांतून ‘कल्कि’ साप्ताहिक उभं राहिलं. मधल्या काळात शिवन स्वतःही पडद्यावर आले. ‘भक्त कुचेला’त (१९३६) ते कुचेला, म्हणजे आपला सुदामा, झाले. तमिळ परंपरेत कुचेलाला सत्तावीस मुलं. दारिद्र्य दाखवायला आकडा लागतोच. त्याच चित्रपटात एस. डी. सुब्बुलक्ष्मी या कृष्णही होत्या आणि कुचेलाची बायकोही. लेखक कल्किंच्या कथेवर के. सुब्रमण्यम यांनी काढलेल्या ‘त्यागभूमी’त (१९३९) शिवन शंभू शास्त्री झाले. देशभक्तीचा वास आल्याने ब्रिटिश सरकारने त्या चित्रपटावर बंदी घातली.

गाणं लांबीने मोजायचं तर हा काळ क्रूर होता. मैफलीत एक कृती आलाप, निरवल, कल्पनास्वर धरून चाळीस मिनिटं चालते. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला सव्वातीन मिनिटं मिळत. म्हणजे तबकडीचे सुमारे अडीचशे वेढे. एवढ्यात पल्लवी, अनुपल्लवी, चरण आणि भक्ताचा गहिवर उरकायचा. शिवन यांची सिनेमातली गाणी या कोंडीतून घडली, आणि त्यांना गळा मिळाला एम. के. त्यागराज भागवतर यांचा. ‘अंबिकापती’, ‘तिरुनीलकंठर’, ‘अशोककुमार’, ‘शिवकवी’. शब्द शिवन यांचे, चाल पुष्कळदा त्यांचीच, आणि वरच्या पट्टीत सहज फिरणारा भागवतरांचा आवाज. व्याकरण शिकलेला, देवळापुढे झांजा वाजवणारा माणूस तमिळ सिनेमाच्या पहिल्या महातारकाची गाणी लिहीत होता.

कांभोजी रागात शिवन यांची एक प्रसिद्ध कृती आहे. कपालीश्वराची मिरवणूक पाहायला कोटी डोळे हवेत, असा तिचा भाव. मैलापूरला पंगुणी महिन्याच्या उत्सवात त्रेसष्ट नायन्मारांच्या, म्हणजे शैव संतांच्या, कांस्यमूर्ती पालख्यांतून निघतात, तेव्हा त्या गल्ल्यांतली गर्दी पाहून हा उद्गार अतिशयोक्ती वाटत नाही. तरी हिशेब करू. कोटी डोळे म्हणजे पन्नास लाख माणसं. १९३१च्या जनगणनेत साऱ्या मद्रास शहराची वस्ती साडेसहा लाखांच्या आसपास होती. तान्हं मूल, आजारी म्हातारा, ख्रिस्ती, मुसलमान, पोलीस, गव्हर्नर, सगळे माड वीथीत आणून उभे केले तरी अशी जवळजवळ आठ मद्रास लागली असती.

डोळे शेवटी जमले, पण भलतीकडे. १९४४च्या दिवाळीत ‘हरिदास’ लागला. बायकोच्या नादाने आईवडिलांना हाकलणारा, पुढे वेश्येच्या पायी सर्वस्व घालवणारा आणि शेवटी मायबापाच्या सेवेत देव पाहणारा मुलगा. मराठी प्रेक्षकाला पुंडलीक आठवल्यावाचून राहणार नाही. गाणी शिवन यांची. मद्रासच्या ब्रॉडवे थिएटरात हा चित्रपट ११०हून अधिक आठवडे चालला. १९४४ची दिवाळी, १९४५ची दिवाळी, १९४६ची दिवाळी. आपल्याकडे पंचवीस आठवडे झाले की रौप्यमहोत्सवाचे पेढे वाटतात. इथे चार महोत्सव उलटून गेले. दिवसाला दोनच खेळ धरले तर पंधराशेहून जास्त खेळ होतात. खेळाला पाचशेच माणसं धरली, तर एका थिएटरात साडेसात लाखांहून जास्त माणसं, पंधरा लाखांहून जास्त डोळे. अशी सहा-सात थिएटरं झाली की कोटी पुरे, आणि तमिळ मुलखात थिएटरं सहा-सातच नव्हती.

त्या अंधारात बसलेले डोळे मात्र कपालीकडे पाहत नव्हते. ते पाहत होते नाचणाऱ्या टी. आर. राजकुमारीकडे आणि तिच्यापुढे मदनाच्या लीलांचं गाणं म्हणणाऱ्या भागवतरांकडे. तेही गाणं शिवन यांचंच. आणि भागवतर स्वतः? चित्रपट लागून जेमतेम दोन महिने झाले असताना, डिसेंबर १९४४मध्ये, पत्रकार लक्ष्मीकांतन यांच्या खून खटल्यात त्यांना अटक झाली. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेलं आणि ते सुटले १९४७मध्ये. ब्रॉडवेत गर्दी खेचणारा नायक त्या तीन दिवाळ्यांपैकी दोन तुरुंगात होता.